ओळखपत्र, देह आणि नोंदवही : विज्ञानकथेतील एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

विज्ञानकथेने रचलेल्या विश्वांचा विचार करताना अवकाशयाने, यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्याकडे सहज लक्ष जाते. त्या विश्वांतील माणसे आपण कोण आहोत हे परक्यापुढे कसे सिद्ध करतात, या प्रश्नाची मात्र क्वचितच स्वतंत्र चर्चा होते. अनेक ग्रहांवर पसरलेले कोणतेही राज्य, मग ते साम्राज्य असो वा संघराज्य, आपले नागरिक, अधिकारी आणि प्रवासी यांना ओळखण्याची काही ना काही व्यवस्था गृहीत धरतेच. कुठे ती गळ्यातील बिल्ल्याच्या रूपाने येते, कुठे मनगटातील कड्याच्या, कुठे प्लास्टिकच्या कार्डाच्या, तर कुठे रक्ताच्या थेंबाच्या वा डोळ्यातील पडद्याच्या रूपाने. गेल्या सुमारे शंभर वर्षांच्या विज्ञानकथेत या व्यवस्थेविषयी परस्परांशी न जुळणाऱ्या भूमिका मांडल्या गेल्या आहेत, आणि प्रत्यक्ष जगातील ओळखव्यवस्था वेगाने बदलत असल्यामुळे त्यांना आता नवे महत्त्व आले आहे.

चर्चेच्या सोयीसाठी तीन घटक वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला घटक म्हणजे व्यक्ती. दुसरा तिच्याविषयी कुठेतरी जपून ठेवलेली नोंद. आणि तिसरा या दोहोंना जोडणारा दुवा, जो पत्र, कार्ड, बिल्ला, गुप्त संकेत वा देहाचे मोजमाप यांपैकी काहीही असू शकतो. ओळख पटवणे म्हणजे समोरची व्यक्ती आणि नोंदीतील व्यक्ती एकच आहे, अशी तिसऱ्या कोणाची तरी खात्री पटणे होय. विज्ञानकथेतील बहुतेक मतभेद दुव्याच्या स्वरूपावरून होत असल्यासारखे दिसतात. बारकाईने पाहिल्यास नोंद कोणाच्या ताब्यात आहे आणि ती चुकली तर दाद कुठे मागायची, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न दिसून येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आज स्वाभाविक वाटणारी ओळखपत्रे तुलनेने अलीकडची आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बऱ्याच भागांत पारपत्रावाचून प्रवास करता येत असे. युद्धकाळात घातलेले निर्बंध पुढे टिकले आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला भरलेल्या परिषदेत पारपत्राचा एकसारखा नमुना सुचवला गेला. त्याच काळात साम्राज्ये कोसळल्यामुळे लाखो माणसांना कोणत्याच राज्याची कागदपत्रे उरली नव्हती, आणि त्यांच्यासाठी १९२२ पासून नान्सेन पारपत्र नावाचे विशेष पत्र देण्यात येऊ लागले. ओळखपत्रामुळे माणसावर पाळत ठेवता येते, तसेच ते नसल्यामुळे माणूस निराधारही होतो, या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाने अशा प्रकारे एकाच वेळी अनुभवल्या.

देहालाच ओळखीचा पुरावा मानण्याच्या पद्धतीचा भारताशी थेट संबंध आहे. बंगालमधील ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला आणि पुढे बोटांच्या ठशांचा प्रशासनात वापर केला. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले, आणि ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, ती घडवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचा मोलाचा वाटा होता. ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, सक्तीचे राष्ट्रीय ओळखपत्र आले. युद्ध संपल्यावरही पोलीस ते मागत राहिले, आणि एका वाहनचालकाने ते दाखवण्यास नकार दिल्यावर उभ्या राहिलेल्या १९५१ च्या खटल्यात न्यायालयाने या प्रथेवर कडक टीका केल्यानंतर १९५२ मध्ये ते रद्द झाले. जी ओळखव्यवस्था एका कारणासाठी सुरू होते ती हळूहळू दुसऱ्या कारणांसाठी वापरली जाते, हा या प्रसंगातून मिळणारा धडा पुढील विज्ञानकथेतही वारंवार येतो.

या इतिहासाचे अर्थ लावणारे अभ्यासही उपलब्ध आहेत. जेम्स स्कॉट यांनी १९९८ मधील ग्रंथात असे मांडले की आधुनिक राज्य आपल्या प्रजेला वाचता येण्याजोगी करते. कायमची आडनावे, जमिनीची मोजणी आणि प्रमाणित नोंदी ही त्याची साधने होत. जॉन टॉर्पी यांनी २००० मध्ये पारपत्राच्या इतिहासावर लिहिताना दाखवले की माणसाने कुठे जावे याला मान्यता देण्याचा अधिकार राज्यांनी हळूहळू स्वतःकडे एकवटला. विज्ञानकथाकारांनी हीच प्रक्रिया ग्रहांच्या आणि दीर्घिकांच्या पातळीवर नेऊन पाहिली, असे म्हणता येईल.

पहिली भूमिका : ओळखपत्र हे नियंत्रणाचे साधन

सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रभावी भूमिका ओळखपत्राकडे सत्तेचे हत्यार म्हणून पाहते. येवगेनी झाम्यातिन यांनी १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९२४ मध्ये प्रथम इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या ‘आम्ही’ या कादंबरीतील नागरिकांना नावेच नाहीत. त्यांना अक्षर आणि आकडे यांनी ओळखले जाते आणि तो क्रमांक गणवेशावरील बिल्ल्यावर असतो. इथे ओळखपत्र व्यक्तीची ओळख सांगत नाही, तर व्यक्तीला एका एककात बदलते. आयरा लेव्हिन यांच्या १९७० मधील ‘धिस परफेक्ट डे’ या कादंबरीत हीच कल्पना संगणकयुगात आली आहे. तिथे प्रत्येकाच्या मनगटात कडे असते आणि कुठे जाण्यापूर्वी वा काही घेण्यापूर्वी ते तपासणी यंत्राला टेकवावे लागते. जगाचा कारभार चालवणारा मध्यवर्ती संगणक प्रत्येक वेळी होय किंवा नाही असे उत्तर देतो. लेव्हिन यांचे वेगळेपण असे की या व्यवस्थेत क्रौर्य उघडपणे दिसत नाही, उलट बहुतेक माणसे तिला आपुलकीची काळजी समजतात, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध उभे राहणे अधिक कठीण होते.

जॉन ब्रूनर यांच्या १९७५ मधील ‘द शॉकवेव्ह रायडर’ या कादंबरीत संपूर्ण समाज संगणकांच्या जाळ्याने जोडलेला आहे आणि नायक दूरध्वनीवरून एक गुप्त संकेत देऊन स्वतःच्या नोंदी पुसत आणि नव्या ओळखी लिहीत फिरतो. नोंद हीच वस्तुस्थिती मानली जात असेल तर नोंद बदलणारा माणूस वस्तुस्थितीच बदलतो, हे ब्रूनर यांनी संगणकांचे जाळे घरोघरी पोचण्याच्या बऱ्याच आधी ओळखले. रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९७३ च्या ‘टाइम इनफ फॉर लव्ह’मध्ये आपल्या दीर्घायुषी नायकाच्या तोंडून असा विचार मांडला की एखाद्या ठिकाणी गर्दी इतकी वाढली की ओळखपत्रे लागू लागली, तर तो समाज कोसळायला फार वेळ उरलेला नाही आणि दुसरीकडे निघून जाणे शहाणपणाचे. हाइनलाइन यांच्या मते अवकाशप्रवासाचे मोल याच सुटकेत आहे. या भूमिकेचे बळ तिच्या सावधगिरीत आहे. तिची मर्यादा अशी की निघून जाण्याची मुभा आणि साधने ज्याच्यापाशी नाहीत, अशा माणसाला ती काही देत नाही.

दुसरी भूमिका : ओळखपत्र हा विश्वासाचा आधार

याच्या उलट, एकमेकांना कधीही न भेटलेल्या अब्जावधी लोकांत सहकार्य घडवायचे असेल तर खात्रीशीर ओळख ही स्वातंत्र्याची पूर्वअट ठरते, असे मानणारी परंपराही विज्ञानकथेत आहे. तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एडवर्ड एल्मर स्मिथ यांच्या ‘लेन्समन’ मालिकेत आढळते. १९३७-३८ मध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकातून क्रमशः आलेल्या ‘गॅलॅक्टिक पॅट्रोल’मध्ये दीर्घिकेच्या संरक्षक दलाचे अधिकारी मनगटावर लेन्स नावाचे तेजस्वी चिन्ह धारण करतात. १९५० मधील ‘फर्स्ट लेन्समन’ या पूर्वकथेत त्यामागील कारण सांगितले आहे : दलाचे पूर्वीचे बिल्ले बनवेगिरीला बळी पडले होते, आणि कोणत्याही कारागिराला नक्कल करता येणार नाही असे चिन्ह मिळाल्यावाचून इतक्या दूरवर पसरलेले दल उभे राहणे अशक्य होते. एरिसिया ग्रहावरील श्रेष्ठ जीवांनी घडवलेली लेन्स मूळ धारकाच्या अंगावरच उजळते, दुसऱ्याने घातल्यास त्याचा जीव घेते आणि धारक मरण पावल्यावर विरून जाते.

ओळखव्यवस्थेच्या आजच्या परिभाषेत मांडायचे तर लेन्समध्ये तीन गुण एकत्र आले आहेत : ती हस्तांतरित करता येत नाही, तिची नक्कल होत नाही आणि धारकाच्या मृत्यूबरोबर ती आपोआप रद्द होते. कोणत्याही खऱ्या ओळखपत्राला हे तिन्ही गुण एकाच वेळी साधलेले नाहीत. परंतु स्मिथ यांना ते साधण्यासाठी सर्वज्ञ आणि निःस्वार्थ अशी देणारी संस्था कल्पावी लागली, ही गोष्ट समीक्षकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे; देणाऱ्याच्या सचोटीची हमी गृहीत धरली की ओळखपत्राचे उरलेले प्रश्न सुटतात, पण ती हमीच तर सर्वांत दुर्मीळ असते.

इयन बँक्स यांच्या ‘कल्चर’ या आदर्श समाजात विश्वासाची ही परंपरा वेगळ्या वळणावर पोचते. तिथे पैसा नाही, कायद्याचा ससेमिरा नाही आणि म्हणून कार्डही नाही. मात्र बँक्स यांनी १९९४ मधील आपल्या टिपणात स्पष्ट केल्याप्रमाणे तेथील पूर्ण नाव हेच एक प्रकारचा पत्ता असते, कारण त्यात जन्माचे ठिकाण, दिलेले नाव, स्वतः निवडलेले नाव आणि वाढलेले घर यांचा समावेश असतो. ओळखपत्राची गरज नाहीशी होण्यासाठी टंचाई नाहीशी व्हावी लागते, असा या रचनेचा अर्थ घेता येतो. सर्व काही जाणणाऱ्या प्रचंड यंत्रबुद्धी पाठीशी असल्यामुळेच हे शक्य झाले, हा त्यावरील आक्षेपही तितकाच विचारार्ह आहे.

तिसरी भूमिका : नोंद नसणे ही खरी आपत्ती

तिसरी भूमिका नियंत्रण आणि विश्वास या दोन्हींपेक्षा वेगळ्या ठिकाणी उभी राहते आणि नोंद हा माणसाचा हक्क मानून तीतून वगळल्या गेलेल्या माणसाकडे पाहते. फिलिप के. डिक यांची १९७४ मधील ‘फ्लो माय टीअर्स, द पोलिसमन सेड’ ही कादंबरी या विषयावरील मध्यवर्ती कृती मानायला हवी. कोट्यवधी प्रेक्षक असलेला दूरचित्रवाणी कलाकार जेसन टॅव्हर्नर एके सकाळी जागा होतो तेव्हा त्याच्या अस्तित्वाची एकही नोंद कुठे उरलेली नसते. ज्या पोलिसी राज्यात चौकाचौकांत कागदपत्रे तपासली जातात आणि ती नसलेल्यांची रवानगी श्रमछावण्यांत होते, तिथे त्याला बनावट कार्डे विकत घ्यावी लागतात. डिक यांनी एकाच कथेत दोन गोष्टी एकत्र आणल्या : कागदपत्रे मागणारे राज्य जुलमी आहे, आणि त्या राज्यात कागदपत्रांवाचून जगणे त्याहून भयंकर आहे.

‘बॅबिलॉन ५’ या १९९० च्या दशकातील मालिकेत अंतराळस्थानकावर ये-जा करणाऱ्यांकडे ओळख आणि पैशाचे व्यवहार एकत्र सांभाळणारे कार्ड असते, आणि परतीच्या प्रवासाचे पैसे नसल्यामुळे स्थानकाच्या खालच्या भागात अडकून पडलेल्या माणसांचा एक थर त्या व्यवस्थेच्या बाहेर जगतो. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात साखळी संकेत नावाची नोंद आहे, २०२१ मधील ‘द बॅड बॅच’ या मालिकेत नवे साम्राज्य चलन बदलून देण्याच्या निमित्ताने नागरिकांना तो घ्यायला लावते, म्हणजे आर्थिक निकड हीच नोंदणीची सक्ती ठरते. २०२२ मधील ‘अँडॉर’मध्ये नायकाचे खरे जन्मस्थान नोंदीत नाही आणि खोट्या नावाने पकडला गेल्यामुळे तो तुरुंगात जातो, परंतु त्याच खोट्या नावामुळे त्याच्या शोधात असलेल्या यंत्रणेला तो सापडतही नाही. खोटी नोंद त्याला शिक्षाही देते आणि वाचवतेही. ‘नियंत्रण’ आणि ‘हक्क’ या दोन भूमिका एकाच माणसाच्या आयुष्यात कशा गुंततात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मानवेतर जीवांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. डिक यांच्याच १९६८ मधील यंत्रमानवविषयक कादंबरीत आणि तिच्यावर आधारलेल्या १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ चित्रपटात माणूस आणि कृत्रिम मानव यांत कागदपत्राने फरक करता येत नाही, म्हणून सहानुभूती मोजणारी एक चाचणी वापरली जाते; ओळखपत्राची जागा इथे परीक्षेने घेतली आहे आणि नापास होणे म्हणजे मृत्यू. त्या कादंबरीतील एका प्रसंगात नायकाला अशा पोलीस ठाण्यात नेले जाते जिथे त्याला कोणीच ओळखत नाही, कारण ते ठाणेच यंत्रमानवांनी चालवलेले समांतर ठाणे असते. ओळख तपासणाऱ्याची ओळख कोणी तपासायची, हा प्रश्न याहून नेमकेपणाने क्वचितच मांडला गेला असेल.

कार्डाकडून देहाकडे

१९९० च्या दशकापासून विज्ञानकथेतील कार्ड हळूहळू मागे पडले आणि त्याची जागा जैवमितीने, म्हणजे देहाच्या मोजता येणाऱ्या वैशिष्ट्यांवरून ओळख पटवण्याच्या तंत्राने घेतली. १९९७ हे वर्ष या संक्रमणाचे प्रतीक म्हणता येईल, कारण त्याच वर्षी आलेल्या ‘द फिफ्थ एलिमेंट’मध्ये सर्व कामांसाठी चालणारे एक कार्ड होते, तर ‘गॅटाका’मध्ये कार्ड जवळजवळ नाहीसे होऊन रक्ताचा थेंब आणि लघवीचा नमुना हेच ओळखपत्र बनले होते. नैसर्गिकरीत्या जन्मल्यामुळे कनिष्ठ ठरवला गेलेला व्हिन्सेंट दुसऱ्या माणसाचे नमुने वापरून अवकाशसंस्थेत प्रवेश मिळवतो. चित्रपटाचे मर्म असे की देहाच्या चाचणीवरचा विश्वास इतका दृढ झाला आहे की समोरच्या चेहऱ्याकडे कोणी नीट पाहतच नाही, आणि नायकाला धोका निर्माण होतो तो गळून पडलेल्या पापणीच्या एका केसामुळे.

२००२ मधील ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ या चित्रपटात डोळ्यांची तपासणी रस्त्यात, दुकानात आणि घरात होत असते, आणि नायकाला सुटकेसाठी स्वतःचे डोळेच बदलून घ्यावे लागतात. कार्ड खिशात ठेवता येते, घरी विसरता येते, दाखवायचे की नाही हे ठरवता येते. डोळा वा चेहरा यांबाबत तशी मुभा राहत नाही. देहाकडे झालेल्या या प्रवासात नेमकेपणा वाढला, परंतु धारकाच्या हाती असलेला नकाराचा अधिकार कमी झाला, हे अभ्यासकांचे निरीक्षण सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. शिवाय चोरीला गेलेले कार्ड रद्द करून नवे देता येते, चोरीला गेलेला बोटाचा ठसा बदलता येत नाही.

दुसऱ्या बाजूने, देहावर आधारलेली ओळख गरिबाला कागद जपून ठेवण्याच्या ओझ्यातून मुक्त करते, हा युक्तिवादही गंभीरपणे घेण्याजोगा आहे. भारतात २००९ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने दिलेल्या आधार क्रमांकाचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावातून झाला, तेव्हा हीच भूमिका पुढे करण्यात आली होती. पुढील काळात श्रमाने बोटे झिजलेल्यांचे ठसे यंत्राशी न जुळणे, ही अडचणही समोर आली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारची योजना बहुमताने वैध ठरवताना तिच्या वापरावर मर्यादा घातल्या. कल्पित विश्वांत चर्चिले गेलेले तिन्ही दृष्टिकोन या प्रत्यक्ष वादात उपस्थित होते.

अंतराचा प्रश्न

विज्ञानकथेतील ओळखपत्राच्या चर्चेत सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला भाग अंतराचा आहे. पृथ्वीवर तपासणी यंत्र क्षणार्धात मध्यवर्ती नोंदवहीला विचारू शकते. परंतु पृथ्वी आणि मंगळ यांच्यात प्रकाशाला एका बाजूने सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाहून जलद संदेश जात नसेल तर दूरच्या वसाहतीवरील अधिकाऱ्याला पृथ्वीवरील नोंदवही विचारून उत्तर मिळण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. अशा परिस्थितीत सोबत नेलेले, स्वतःच स्वतःची साक्ष देणारे ओळखपत्र पुन्हा अपरिहार्य ठरते.

हे कसे शक्य होते याचे उत्तर १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या गूढलेखनात आहे. या पद्धतीत ओळखपत्र देणारी संस्था आपल्या गुप्त किल्लीने मजकुरावर अंकीय सही करते आणि तिची सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे असा कोणीही, संस्थेशी संपर्क न साधता, ती सही खरी असल्याची खात्री करू शकतो. आजची चिप असलेली पारपत्रे याच तत्त्वावर चालतात. या उपायाने बनवेगिरीचा प्रश्न बराचसा सुटतो. परंतु रद्द झालेले ओळखपत्र रद्द झाल्याची बातमी प्रकाशाच्याच वेगाने प्रवास करते, त्यामुळे तिच्या आधी पोचलेला फरारी काही काळ प्रामाणिक नागरिकच ठरतो. अंतर नसतानाही हे घडते, असे ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ दाखवतो : पळून गेलेल्या नायकाचे जुने डोळे वापरून कार्यालयाचे दार उघडते, कारण त्याचा प्रवेश कोणी रद्दच केलेला नसतो.

अनेक लेखकांनी ही अडचण कल्पित साधनांनी टाळली आहे. अर्सुला ले ग्विन यांनी १९६६ मध्ये आणलेले ‘अॅन्सिबल’ हे तत्काळ संदेशयंत्र पुढे अनेकांनी स्वीकारले, आणि त्यामुळे मध्यवर्ती नोंदवहीची पकड तारकांपर्यंत पोचू शकली. जो हाल्डेमन यांच्या १९७४ मधील ‘द फॉरेव्हर वॉर’मध्ये मात्र अंतराचे परिणाम पूर्णपणे स्वीकारले आहेत, प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने प्रवास केलेल्या सैनिकाचे देहाचे वय आणि पंचांगातील वय यांत शतकांचे अंतर पडते. ओळखपत्रावरील जन्मतारीख हा सर्वांत साधा रकानाही अशा विश्वात निरर्थक होऊ शकतो.

मराठी विज्ञानकथेतील धागे

मराठी विज्ञानकथेत ओळखपत्र हा स्वतंत्र विषय म्हणून ठळकपणे आलेला नाही. तिचे लक्ष मुख्यतः वैज्ञानिक संकल्पना आणि तिचे मानवी परिणाम यांवर राहिले आहे. तरीही एक कथा या आढाव्यात आवर्जून घ्यायला हवी. जयंत नारळीकर यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत एक माणूस आरशातील प्रतिमेप्रमाणे डावा-उजवा उलटा होऊन परततो. कथेचा रोख अवकाशाच्या भूमितीवर असला, तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष जैवमितीला आव्हान देणारा आहे : असा माणूस आपल्या स्मृतीने, नात्यांनी आणि स्वभावाने तोच असूनही त्याच्या बोटाचा ठसा जुन्या नोंदीशी जुळणार नाही. आप्त त्याला ओळखतील, यंत्र ओळखणार नाही. माणसाची ओळख देहाच्या मापात असते की त्याला ओळखणाऱ्यांच्या स्मरणात, हा प्रश्न या कथेच्या आधाराने मराठीतच मांडता येतो.

नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, हेही इथे नोंदवण्याजोगे आहे. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव फसवणुकीसाठी नव्हते, आपल्या कथेची पारख कीर्तीच्या प्रभावाशिवाय व्हावी यासाठी होते. टोपणनावाचा असा सद्हेतूने केलेला वापर सर्वत्र एकच ओळख चालवणाऱ्या व्यवस्थेत अशक्य होईल, आणि एकाच माणसाला कामापुरत्या अनेक ओळखी बाळगण्याचा अधिकार असावा, या मताला त्यातून आधार मिळतो. संगणकशास्त्रात डेव्हिड चॉम यांनी १९८५ मध्ये नेमकी हीच दिशा सुचवली होती : प्रत्येक संस्थेशी वेगळ्या टोपणनावाने व्यवहार करावा आणि आवश्यक तेवढीच गोष्ट सिद्ध करावी. वय अठरापेक्षा जास्त आहे हे सिद्ध करण्यासाठी नाव आणि पत्ता उघड करण्याची गरज नसावी, हे त्याचे साधे उदाहरण होय. विज्ञानकथेने या शक्यतेचा अजून पुरेसा विचार केलेला नाही.

अनिर्णित प्रश्न

पहिला अनिर्णित प्रश्न प्रतिकृतींचा आहे. एक व्यक्ती, एक देह आणि एक नोंद हे समीकरण सर्व ओळखव्यवस्थांच्या पायाशी असते. रिचर्ड मॉर्गन यांच्या २००२ मधील ‘ऑल्टर्ड कार्बन’मध्ये मन एका साठवणीत जतन करून एका देहातून दुसऱ्यात घालता येते, आणि म्हणून एकाच वेळी दोन देहांत असणे तिथे गुन्हा ठरवावे लागते. ‘स्टार ट्रेक’च्या १९९३ मधील एका भागात वाहकयंत्रातील बिघाडामुळे विल्यम रायकर या अधिकाऱ्याची तंतोतंत दुसरी आवृत्ती निर्माण झाल्याचे उघड होते, आणि १९९४ मधील पुढच्या कथेत ती आवृत्ती मूळ रायकर असल्याचे भासवून एक युद्धनौका पळवते. देह, आवाज आणि बालपणीच्या आठवणी सर्व सारखे असताना खोटे नेमके कशात आहे, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

दुसरा प्रश्न अधिकारक्षेत्राचा आहे. परस्परांना मान्यता न देणाऱ्या ग्रहांची पत्रे कोणी खरी मानायची, आणि कोणत्याच ग्रहाचा नसलेल्या माणसाला पत्र कोणी द्यायचे, याविषयी विज्ञानकथा बहुधा मौन बाळगते. नान्सेन पारपत्राच्या धर्तीवरील आंतरग्रहीय व्यवस्था प्रमुख विश्वांत तपशिलाने रचलेली आढळत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चुकीच्या दुरुस्तीचा आहे. कर्ट व्हॉनेगट यांच्या १९५२ मधील ‘प्लेअर पियानो’मध्ये शारीरिक शिक्षणाची एक जुनी अट अपूर्ण राहिल्याचे उघड होताच एका उच्च अधिकाऱ्याची पदवी आणि नोकरी दोन्ही जातात. गॉर्डन डिक्सन यांच्या १९६५ मधील ‘कॉम्प्युटर्स डोन्ट आर्ग्यू’ या पत्ररूप कथेत पुस्तक मंडळाने चुकीचे पुस्तक पाठवल्यापासून सुरू झालेली तक्रार यंत्रांच्या नोंदींतून वाढत वाढत खुनाच्या आरोपापर्यंत आणि मृत्युदंडापर्यंत जाते. टेरी गिलियम यांच्या १९८५ मधील ‘ब्राझील’ चित्रपटात छपाईयंत्रात पडलेल्या किड्यामुळे नावातील एक अक्षर बदलते आणि निरपराध माणूस उचलला जातो. या तिन्ही कृतींत यंत्रणेचा हेतू दुष्ट असण्याची गरजच पडत नाही. नोंद चुकली आहे असे सांगण्याची जागा नसणे, एवढेच अनर्थाला पुरेसे ठरते.

समारोप

एकंदर पाहता विज्ञानकथेतील ओळखपत्राची चर्चा नियंत्रण, विश्वास आणि हक्क या तीन भूमिकांत विभागलेली आहे आणि त्यांपैकी कोणतीही एक पूर्णपणे चुकीची ठरवता येत नाही. झाम्यातिन आणि लेव्हिन यांनी दिलेला इशारा आजही लागू आहे. स्मिथ यांनी ओळखलेली विश्वासाची गरज मोठ्या समाजाला टाळता येत नाही. आणि नोंदीबाहेर फेकल्या गेलेल्या माणसाची डिक यांनी दाखवलेली असहायता कोणत्याही युक्तिवादाने हलकी होत नाही. कार्ड चांगले की देहाची चाचणी, हा वाद तंत्राच्या प्रगतीबरोबर बदलत राहील आणि अंतराच्या भौतिकीमुळे सोबत नेण्याच्या पत्राची गरजही कदाचित पुन्हा वाढेल.

या भूमिकांची तुलना करताना एक निकष मात्र सर्वांना सारखाच लावता येतो, आणि पुढील अभ्यासाने तो केंद्रस्थानी ठेवणे इष्ट ठरेल. एखाद्या विश्वातील ओळखव्यवस्था किती अचूक वा किती अभेद्य आहे यापेक्षा, ती चुकली असता नोंदवहीविरुद्ध माणसाचे म्हणणे ऐकून घेणारे आणि नोंद बदलण्याचा अधिकार असलेले कोणी त्या विश्वात आहे का, हे पाहिले पाहिजे. चूक करणार नाही अशी व्यवस्था स्मिथ यांच्या एरिसियावासीयांनाच शक्य होती. माणसांनी चालवलेल्या प्रत्येक व्यवस्थेला, ती एका गावाची असो वा दीर्घिकेची, दाद मागण्याची जागा राखून ठेवावीच लागेल. विज्ञानकथेने चुकांची चित्रे समर्थपणे रेखाटली आहेत. त्या चुका दुरुस्त करणारी न्यायालये, अधिकारी आणि कार्यपद्धती तितक्याच तपशिलाने कल्पिण्याचे काम तिच्यापुढे अजून बाकी आहे.